चित्रग्रीव आणि करी: धनगोपाल मुखर्जी यांच्या दोन प्राणिकथा, मुलांना वाचून दाखवताना

धनगोपाल मुखर्जी यांची 'करी द एलिफंट' हे एका हत्तीचे आणि 'गे-नेक' हे चित्रग्रीव नावाच्या कबुतराचे, अशी दोन पुस्तके मी गेल्या काही महिन्यांत माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवली. पुस्तके इंग्रजीत आहेत आणि तिचे इंग्रजी अजून कच्चे आहे, म्हणून प्रत्येक परिच्छेद आधी मनात वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा, अशी आमची पद्धत ठरली. ही पद्धत नाइलाजाने स्वीकारली होती; परंतु तिच्यामुळेच या पुस्तकांचे एक अंग माझ्या ध्यानात आले, जे सरळ इंग्रजीत वाचताना निसटले असते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेली ही पुस्तके मराठीत सांगू लागले की परक्या वेशातून बाहेर येतात आणि घरच्या माणसासारखी बोलू लागतात. या परीक्षणात मी दोन्ही पुस्तकांविषयी लिहिणार आहे आणि शेवटी मी विकत घेतलेल्या छापील प्रतींविषयीही, कारण त्या बाबतीत खरेदीदाराने सावध राहणे आवश्यक आहे.

लेखकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे हे नाव फारसे घेतले जात नाही. मुखर्जी यांचा जन्म १८९० साली कलकत्त्याजवळच्या एका खेड्यात झाला. त्यांचे थोरले बंधू जदुगोपाल हे 'युगांतर' या क्रांतिकारी संघटनेतील महत्त्वाचे कार्यकर्ते होते. धनगोपाल तरुणपणी शिक्षणासाठी जपानला गेले, तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले, शेतमजुरी आणि भांडी घासण्यासारखी कामे करीत बर्कले येथे आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले आणि १९१४ साली पदवीधर झाले. 'करी' १९२२ साली प्रसिद्ध झाले, 'गे-नेक' १९२७ साली. आणि १९२८ साली 'गे-नेक'ला अमेरिकेतील बालसाहित्याचे सर्वांत मानाचे असे न्यूबेरी पदक मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय लेखक होत. या तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की भारतीय माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व घेता येणार नाही, आणि ती वाट १९४६ पर्यंत बंदच राहिली. ज्या देशाच्या ग्रंथपालांनी आपल्या मुलांसाठीचे वर्षातले सर्वोत्तम पुस्तक म्हणून यांचे पुस्तक निवडले, त्या देशाचा कायदा यांच्या लोकांना आपले म्हणायला तयार नव्हता. मुखर्जी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हाही तो कायदा तसाच होता. मुलांच्या पुस्तकाच्या परीक्षणात हे कशाला, असे कोणी विचारील. पण ही पुस्तके कोणाला उद्देशून आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली हे लक्षात ठेवले, तरच त्यांतील काही गोष्टींचा उलगडा होतो.

आता 'करी'. हत्तीचे पाच महिन्यांचे पिल्लू नऊ वर्षांच्या मुलाच्या ताब्यात सांभाळायला दिले जाते, येथून पुस्तक सुरू होते. मुलगा चवड्यांवर उभा राहिला की त्याचा हात हत्तीच्या पाठीला लागतो. माझ्या भाचीने हे ऐकताच उठून, चवड्यांवर उभे राहून, हात वर करून हत्ती केवढा असेल याचा अंदाज घेतला, आणि तेथून पुढे पुस्तकाने तिला सोडले नाही. मुखर्जी यांचे सगळे बळ अशा नेमक्या मोजमापांत आहे. हत्ती दिवसाला चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलोच्या आसपास, कोवळ्या डहाळ्या खातो आणि त्यांच्याशी खेळतो. त्या डहाळ्या तोडायला मुलगा जंगलात जातो, पण आधी त्याला कुऱ्हाडीला धार लावत अर्धा तास बसावे लागते, कारण डहाळी चेचली गेली तर हत्ती ती तोंडात घेत नाही. एवढ्या एका वाक्यात लेखकाने जनावर पाळणे म्हणजे काय ते सांगितले आहे. बालकथांतले प्राणी बहुधा आपोआप मित्र होतात. येथे मैत्रीच्या आधी अर्धा तास कुऱ्हाड घासावी लागते, नदीवर नेऊन वाळूने अंग चोळावे लागते, आणि हे रोज करावे लागते.

शिकवण्याचा भाग तर फारच सुरेख उतरला आहे. 'धत्' म्हटले की बसायचे आणि 'माली' म्हटले की चालायचे, हे शब्द कान किंवा सोंड धरून शिकवले जातात, आणि त्यातला एक शब्द पटकन येतो, दुसऱ्याला आठवडेच्या आठवडे लागतात. सर्वांत अवघड असते ती मालकाची खास हाक. साप आणि वाघ यांच्या झुंजीतून निघावा तसा तो फुत्कार आणि गुरगुराट यांचा मिश्र आवाज असतो, आणि तो ओळखायला हत्तीला पाच वर्षे लागतात. ही हाक जंगलात वाट चुकलेला माणूस देतो; ती ऐकली की हत्ती झाडे मोडत, वाट करीत मालकाकडे येतो, आणि म्हणूनच ती उगाच कधीही द्यायची नसते. माझ्या भाचीने लगेच विचारले की मग पाच वर्षे ती हाक न देता शिकवायची कशी. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण आपण ज्या गोष्टीवर एखाद्याचा विश्वास बसवतो ती गोष्ट जपून वापरावी लागते, हे तिला न सांगता समजले होते.

केळ्यांचे प्रकरण मुलांना सर्वांत आवडेल. घरात ठेवलेली केळी वरचेवर नाहीशी होतात, संशय मुलावर आणि नोकरांवर जातो, आणि एके दिवशी खिडकीतून काळ्या सापासारखे काहीतरी आत येऊन केळ्यांचा घड उचलताना दिसते. ती करीची सोंड असते. चोराला शिक्षा होते, पण लेखक येथे थांबत नाही. हत्तीला आपला गुन्हा कळलेला असताना केलेली शिक्षा तो मुकाट्याने सोसतो, निष्कारण मारले तर मात्र तो ते विसरत नाही, असे मुखर्जी सांगतात. शिक्षा करणाऱ्यालाही न्यायाने वागावे लागते, ही गोष्ट मुलाला एका हत्तीच्या तोंडून कळते.

येथे नावांविषयी सांगितले पाहिजे, कारण मराठीत सांगताना मला सर्वांत जास्त आनंद त्यांनीच दिला. अमेरिकन मुलाला 'करी' हे केवळ एक गोड, परके नाव वाटले असेल. आपल्याला मात्र ते थेट कळते: कर म्हणजे हात, आणि ज्याला हात आहे तो करी, म्हणजे हत्ती. पुस्तकभर ती सोंड हाताचीच कामे करते. केळी चोरते ती सोंड, आणि नदीच्या तळाशी बुडालेल्या मुलाला वाचवताना गळ्याभोवती वेढा घालून किनाऱ्यावर ओढते तीही सोंडच. हत्तीचा सोबती असलेले माकड इंग्रजीत 'कोपी' होते. तो बंगाली उच्चारातला आपला कपी आहे. आणि 'गे-नेक' हे तर चित्रग्रीव या नावाचे इंग्रजी भाषांतर आहे. लेखकाने आरंभीच चित्र म्हणजे रंगीबेरंगी आणि ग्रीवा म्हणजे मान, असा अर्थ समजावून दिला आहे. पण जे त्याने अमेरिकन वाचकाला सांगितले नाही, ते आपल्याला आजीने सांगितलेले असते: पंचतंत्रात जाळ्यासकट थवा उडवून नेणारा आणि हिरण्यक उंदराला माझ्या आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड असे सांगणारा कबुतरांचा राजा चित्रग्रीवच होता. मी वाचताना 'गे-नेक' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. पहिल्या पानापासून चित्रग्रीव असेच म्हटले, आणि हा त्या राजाचाच कुणी वंशज असणार असे भाचीने स्वतःच ठरवून टाकले. मला वाटते, लेखकाला हे आवडले असते.

'गे-नेक' हे 'करी'पेक्षा मोठे, अधिक महत्त्वाकांक्षी आणि अधिक असमान पुस्तक आहे. त्याचा पूर्वार्ध मला बालसाहित्यातील उत्तम लेखनांपैकी वाटतो. कलकत्त्याची लोकसंख्या दहा लाख असेल तर कबुतरे वीस लाख असतील, अशी सुरुवात करून मुखर्जी आपल्याला गच्चीवर नेतात, जेथे मुले मोठे पांढरे निशाण हलवून आपापल्या थव्यांना उडवतात आणि परत बोलावतात. निरोपे, लक्का, गिरेबाज अशा जातींची कबुतरे आकाशात एकमेकांत मिसळतात आणि तरीही आपापल्या ढाबळीकडे परततात. यानंतर चित्रग्रीवाच्या जन्माचे प्रकरण येते, आणि ते मी दोनदा वाचले, एकदा भाचीसाठी व एकदा स्वतःसाठी.

घरट्यात दोन अंडी असतात. घरटे साफ करण्यासाठी मुलगा ती एकेक करून हलवत असतो, आणि दुसरे अंडे हातात असताना नर कबूतर त्याच्या तोंडावर झेप घेते. मुलगा दचकतो, अंडे हातातून निसटते आणि फुटते. मुखर्जी या चुकीची कबुली अगदी साध्या शब्दांत देतात; बापाला राग येणार हे आपल्या ध्यानात यायला हवे होते, असे म्हणतात आणि पुढे जातात. भाची मात्र पुढे जायला तयार नव्हती. त्या दुसऱ्या पिल्लाचे नाव काय असते, असे तिने विचारले, आणि त्या रात्री आम्ही तेथेच पुस्तक मिटले.

दुसऱ्या रात्री मादी अंड्यावर बसलेली होती. आतली हालचाल तिला कळते, ती मान उचलते, नेम धरते आणि चोचीच्या दोन छोट्या ठोक्यांनी कवच फोडते. आतून निघते ते सगळे चोच आणि थरथरणारे एवढेसे अंग. मग आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधावर ते वाढते, आणि नंतर दाणेही आधी आईबापांच्या गळ्यात मऊ होऊन मगच त्याच्या तोंडात जातात. ही माहिती शास्त्राच्या पुस्तकातही असते, पण येथे ती एका घरातली गोष्ट होऊन येते. उडायला शिकवण्याचा प्रसंगही असाच आहे: बाप पिल्लाला गच्चीच्या कठड्यावर रागावत, ढकलत मागे मागे नेतो, शेवटी त्याचा पाय सुटतो, आणि पडता पडता जीव वाचवण्यासाठी त्याचे पंख आपोआप उघडतात. पोहायला शिकताना विहिरीत ढकलला गेलेला कोणीही हे वाचून मान हलवील.

पुढे कथा हिमालयात, सिक्कीमच्या बाजूला जाते आणि तेथे गोंड नावाचा वृद्ध शिकारी व एका मठातले लामा भेटतात. ससाण्याच्या हल्ल्यानंतर चित्रग्रीवाच्या मनात भीती बसते आणि तो उडेनासा होतो. लामा त्याला बरे करतात. मधली काही प्रकरणे कबूतर स्वतः सांगते. कल्पनेचे व्याकरण आणि तिचाच शब्दकोश हाताशी घेतला तर त्याची भाषा समजणे कठीण नाही, असे लेखक म्हणतो, आणि ही विनंती मुले एका क्षणात मान्य करतात. मोठ्यांनाच जरा वेळ लागतो.

उत्तरार्धात चित्रग्रीव आणि गोंड पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जातात. निरोप नेणारी कबुतरे त्या युद्धात खरोखरच वापरली गेली होती, आणि भारतीय सैनिक तेथे लढले होते, त्यामुळे प्रसंग कल्पित असला तरी त्याला खऱ्याचा आधार आहे. पण माझ्या मते पुस्तकाची वीण येथे सैल होते. गच्चीवरचे घरटे लेखकाने डोळ्यांनी पाहिले होते. खंदक त्याने पाहिलेले नव्हते, आणि हे वाचताना जाणवते. निवेदन कधी मुलाकडे, कधी कबुतराकडे, कधी गोंडकडे जाते आणि लहान वाचकाचा धागा तुटतो. मला दोन ठिकाणी थांबून कोण बोलत आहे ते सांगावे लागले.

तरीही युद्धानंतरची शेवटची दोन प्रकरणे अवश्य वाचावीत. जखमी चित्रग्रीव आणि गोंड दोघेही परततात, शरीराने सावरतात, पण एकाच्या मनात भीती आणि दुसऱ्याच्या मनात द्वेष राहिलेला असतो. त्यांना पुन्हा त्याच मठात नेले जाते. शिकारी जनावर आपल्या भक्ष्याला आधी घाबरवते आणि मगच मारते, म्हणजे प्राणी शत्रूच्या शेवटच्या घावाआधी स्वतःच्या भीतीनेच मरतो, असे लामा सांगतात. भीती, चिंता आणि द्वेष यांपैकी एक आत शिरला की उरलेले दोघे मागोमाग येतात, हे त्यांचे म्हणणे मला पटते, आणि ते एका पक्ष्याच्या निमित्ताने सांगितलेले असल्यामुळे मुलांपर्यंतही पोहोचते. भाचीला काळोखाची भीती वाटते. तिने हे प्रकरण तिसऱ्यांदा वाचायला लावले, त्याचे कारण मी तिला विचारले नाही.

दोष सांगायचे तर ते आहेत, आणि पालकांनी ते आधी जाणून घ्यावेत. मुखर्जी अनेकदा 'हिंदू मुले असे करतात', 'हिंदुस्थानात असे असते' अशी सरसकट विधाने करतात. त्या काळच्या अमेरिकेत भारतातून आलेल्या प्रत्येकाला, मग तो शीख असो की मुसलमान, हिंदूच म्हणत. लेखकाने वाचकांच्या तोंडचा शब्द उचलला आहे. परक्या देशातल्या मुलांना आपला देश समजावून सांगणाऱ्या माणसाचा सूर येथे आहे, आणि हा देश शहाणपणाने भरलेला, शांत आणि गूढ आहे असे दाखवण्याचा ओढाही आहे. त्यामागची गरज मी समजू शकते. ज्यांना नागरिक होण्यास अपात्र ठरवले गेले, त्यांच्यातल्या एकाने आपल्या लोकांची थोरवी सांगितली तर त्याला दोष देणे मला जड जाते. पण आजच्या भारतीय मुलाला ही वाक्ये परकी वाटतील, आणि वाचून दाखवणाऱ्याने तेथे दोन शब्द आपले घालावेत. शिकारीचे प्रसंगही येतात, त्यांत रक्त आहे. आणि प्रार्थना, उपदेश यांची लांबी काही ठिकाणी मुलांच्या धीराबाहेर जाते. 'करी'त हे फार कमी आहे, 'गे-नेक'मध्ये बरेच.

आता प्रतींविषयी. लेखकाच्या मृत्यूला ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे भारतात या पुस्तकांवर स्वामित्वहक्क उरलेला नाही, आणि अमेरिकेतही १९२७ सालचे 'गे-नेक' २०२३च्या सुरुवातीपासून मुक्त झाले आहे. त्यामुळे कोणीही ती छापू शकतो, आणि बरेच जण छापतात. मी मागवलेली 'गे-नेक'ची प्रत अशाच एका पुनर्मुद्रण करणाऱ्याकडून आली आणि तिने माझी निराशा केली. मुखपृष्ठावर एक गुळगुळीत, कोणत्याही कबुतराचे असू शकेल असे छायाचित्र आहे. आतला मजकूर जुन्या पुस्तकाच्या पानांवरून यंत्राने उतरवून घेतलेला आहे आणि तो कोणी डोळ्यांखालून घातलेला दिसत नाही. जुन्या पानांच्या माथ्यावरची प्रकरणांची नावे मजकुराच्या मध्येच घुसली आहेत, दोन शब्द जोडले गेले आहेत, आणि एका ठिकाणी वाक्य अर्ध्यावर संपून पुढच्या पानावर वेगळेच वाक्य सुरू होते. बांधणी अशी की पुस्तक उघडे ठेवले की पाने सुटू लागतात. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, परंतु चांगली प्रत मिळाली नाही.

सर्वांत मोठी हानी चित्रांची. 'गे-नेक'ची मूळ चित्रे बोरिस आर्टझिबाशेफ यांनी काढलेली आहेत. हे रशियन साम्राज्यातल्या खार्किव्ह येथे जन्मलेले आणि १९१९ साली अमेरिकेत आलेले चित्रकार, म्हणजे हे पुस्तक दोन निर्वासित नसले तरी दोन स्थलांतरितांच्या हातून घडलेले आहे. त्यांची काळ्यापांढऱ्या ठसठशीत रेषांची चित्रे मजकुराइतकीच त्या पुस्तकाचा भाग आहेत, आणि माझ्या प्रतीत त्यांतले एकही नव्हते. पुढे एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्तीची पाने पाहायला मिळाली, आणि भाचीने चित्रग्रीवाला प्रथमच पाहिले ते माझ्या संगणकाच्या पडद्यावर. विकत घेताना आतली निदान चार पाने पाहूनच घ्यावे, चित्रकाराचे नाव छापलेले आहे का ते तपासावे, आणि नसेल तर ग्रंथालयातली जुनी प्रत शोधावी. 'करी'ची माझी प्रत त्या मानाने बरी निघाली. अक्षर मोठे आहे आणि चुका थोड्या आहेत.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी 'करी'पासूनच सुरुवात करावी. प्रकरणे लहान आहेत आणि एका बैठकीत एक सहज होते. 'गे-नेक' दहाव्या वर्षाच्या सुमारास, आणि शक्यतो मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचावे. युद्धाची प्रकरणे मूल लहान असेल तर थोडक्यात सांगून पुढे जावे, पण मठातली प्रकरणे गाळू नयेत. मुखर्जी यांनी 'हरी', 'गोंड' आणि हत्तींच्या कळपाच्या नायकाची कथा अशी आणखीही प्राणिपुस्तके लिहिली आहेत. आम्ही आता 'हरी' सुरू करणार आहोत, आणि या वेळी मी आधी आतली पाने पाहून घेतली आहेत.